जागृती कोणाची करता?

गोव्यात घराघरांवर सौरऊर्जा का दिसत नाही, असे कोणत्याही व्यासपीठावर विचारा. उत्तर पाठ केल्यासारखे येते. लोकांमध्ये जागृती नाही! फार सोयीचे उत्तर आहे हे. दोष लोकांच्या माथी मारता येतो आणि उपाय बॅनरवर छापता येतो. मग पंचायतीच्या सभागृहात खुर्च्या मांडल्या जातात, समई पेटते, पुष्पगुच्छ दिले-घेतले जातात. सूर्य हा ऊर्जेचा अक्षय स्रोत आहे, हे पणजीहून आलेले कोणीतरी सांगते. चहा-समोसा होतो, फोटो होतो आणि दुसऱ्या दिवशी पेपरात येते की पेडण्यात, नाहीतर डिचोलीत, सौरऊर्जेविषयी जनजागृती करण्यात आली.

मी डिचोली तालुक्यातला माणूस. मला या जागृतीचा मनापासून राग येतो. ती कोणाची केली जाते ते बघा. आगरवाड्याच्या मिठागरात उन्हाच्या भरवशावर मीठ पिकवणाऱ्यांची. मोरजी-हरमलच्या वाळूवर सुंगटे आणि बांगडे सुकवणाऱ्यांची. मये-मेणकुऱ्याच्या खळ्यात एप्रिल-मे महिन्यांत पुरुमेंताची सोले, खोबरे, पापड, मिरच्या, उकडे भात वाळत घालणाऱ्या बायांची. कोणत्या कोपऱ्यात किती वाजेपर्यंत ऊन राहते, फणसाची सावली कुठवर सरकते आणि पहिला पाऊस कोणत्या दिशेने उतरतो, हे या बायांना सोलर कंपनीच्या टाय लावलेल्या पोरापेक्षा शंभर पटींनी अधिक कळते. त्यांच्यासमोर उभे राहून ‘सूर्य किती उपयोगी’ यावर अर्धा तास बोलायला धाडस लागते. ते सरकारी माणसाकडे भरपूर असते.

लोकांना सूर्य कळतो. त्यांना हिशेबही कळतो, आणि सरकारची खरी अडचण ही दुसरी गोष्ट आहे.

घ्या पेन. 2024-25 च्या दरपत्रकात गोव्यातल्या घरगुती ग्राहकाला पहिल्या शंभर युनिटांना दोन रुपयांच्या आत दर होता, पुढच्या शंभरांना तीनच्या आत. चारशेच्या वर गेलात तरी युनिटमागे सहा रुपयेसुद्धा नव्हते. आता लाटंबार्सेतले एखादे साधे घर धरा. चार पंखे, फ्रीज, टीव्ही, मिक्सर, विहिरीवरचा पंप. महिन्याला दीडशे युनिटे. त्या दराने वीज जळाल्याचे पैसे होतात सव्वातीनशेच्या आसपास. स्थिर आकार वेगळा, आणि तो सोलर लावला म्हणून सुटत नाही. छपरावरचे एक किलोवॉट दिवसाला सरासरी चार युनिटे देते, म्हणजे या घराला दोन किलोवॉट पुरले. ‘पीएम सूर्यघर’ योजनेत त्याला साठ हजारांचे अनुदान आहे. अनुदान वजा जाऊन घरधन्याच्या खिशातून आणखी साठ हजार गेले असे समजू. वर्षाला वाचणार चार हजार. म्हणजे पैसे फिटायला पंधरा वर्षे, आणि मधे इन्व्हर्टर बदलावा लागला तर त्याहून जास्त. पंधरा वर्षांत पोरगी कॉलेजात जाते, म्हातारा निघून जातो, छपराचे वासे बदलावे लागतात. ‘बघूया’ म्हणून उठून जाणारा तो घरधनी अडाणी आहे की सभागृहात सगळ्यांत शहाणा?

आता पर्वरीतला बंगला घ्या. पाच एसी, महिना आठशे युनिटे. तीन किलोवॉट लावले की वरच्या, महागड्या टप्प्यातली साडेतीनशे युनिटे बिलातून उडतात. महिन्याला दोन हजार वाचले, अनुदान 78 हजार, आणि चार-पाच वर्षांत भांडवल वसूल. त्यानंतर वीस वर्षे फुकट थंडावा. योजना कोणाच्या छपराच्या मापाने शिवली आहे, हे कळायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

सरकारलाही हा हिशेब ठाऊक आहे. केंद्राच्या अनुदानात राज्याची भर घालणारी ‘गोंय विनामूल्य वीज योजना’ काढावी लागली ती त्याचमुळे. चांगले केले, त्याबद्दल कुरकुर नाही. पण मग घोडे जागृतीपाशी नव्हे, पैशांपाशी अडले होते, हे एकदा मोकळ्या तोंडाने कबूल करा आणि ते बॅनर उतरवा.

हे पटत नसेल तर पत्रादेवीचा नाका ओलांडून बांद्याला जाऊन या. ऊन तेच, पाऊस तोच, कौले तीच, आणि निम्मी सोयरीक पेडण्यातली. फरक बिलाचा. महावितरणच्या दरपत्रकात महिन्याची शंभर युनिटे ओलांडली की पुढचे युनिट वहन आकारासकट दहा रुपयांच्या वर गेले होते. तिथल्या माणसाची मान छपराकडे आपोआप वळते. पीएम सूर्यघरच्या यादीत गुजरातच्या मागोमाग महाराष्ट्र उगाच लागला नाही. आणि पावसाचे निमित्त सांगणाऱ्यांनी केरळचे नाव ऐकले असेलच. तिथे पाऊस आपल्याहून कमी पडत नाही, माड आपल्याहून कमी नाहीत, तरी छपरावरच्या सोलरमध्ये ते राज्य पुढच्या रांगेत बसले आहे. कोचीच्या विमानतळाने 2015 च्या ऑगस्टमध्येच आपली सगळी वीज उन्हावर आणली होती.

गोव्यात वीज स्वस्त आहे, कारण स्वस्त वीज हे इथले राजकारण आहे. जुलै 2021 मध्ये अरविंद केजरीवाल गोव्यात येऊन दरमहा तीनशे युनिटे मोफत देण्याचे आश्वासन देऊन गेले. त्यावरून तेव्हाचे वीजमंत्री नीलेश काब्राल आणि दिल्लीचे मंत्री सत्येंद्र जैन यांचा पणजीत जाहीर सामना झाला. खुर्च्या, कॅमेरे, आकडे, सगळे होते. लोकांच्या लक्षात मात्र एकच प्रश्न राहिला : फुकट कोण देणार? ही वीज येते कुठून, हा प्रश्न तेव्हा चहाच्या टपरीवरही कोणाला पडला नाही, आजही पडत नाही.

मी सांगतो कुठून येते. भाजी जशी बेळगावहून, तशी वीज छत्तीसगडच्या कोरब्याहून, मध्य प्रदेशच्या विंध्याचलहून, तेलंगणाच्या रामगुंडमहून. सगळी कोळशाची केंद्रे. अमोण्याच्या लोखंड कारखान्यात भट्टीच्या वायूवर वीज होते, असे थोडे अपवाद सोडले तर गोव्याची स्वतःची वीजनिर्मिती नाही म्हटले तरी चालेल. कोळसा तिकडे जळतो, राख तिकडे साठते, आणि आपण इथे ‘हरित गोवा’ म्हणून पाट्या रंगवतो. अपारंपरिक वीज घेण्याचे बंधन पुरे करायला आपण सौर वीजही ‘सेकी’ या केंद्राच्या सौरऊर्जा महामंडळामार्फत बाहेरून विकत घेतो. म्हणजे गोव्याने आता ऊनही परराज्यातून आणायला घेतले आहे.

यातली खरी गंमत रामगुंडममध्ये आहे. एनटीपीसीने आपल्या त्या कोळसाकेंद्राच्या जलाशयावरच शंभर मेगावॉटचे तरंगते सौर पॅनेल अंथरले, आणि जुलै 2022 मध्ये तो प्रकल्प पूर्ण चालू झाला. कोळशाची वीज विकणाऱ्याला पाण्यावर सोलर सुचला. कोळशाची वीज विकत घेणाऱ्या गोव्याला सुचला नाही. आणि गोव्यात पाणी कुठे आहे? आमच्या डिचोलीत या. खनिज काढून काढून समुद्रसपाटीच्या खाली नेलेले खंदक शिरगाव-मुळगावपासून पाळी-वेळग्यापर्यंत पडलेले आहेत. 2012 मध्ये खाणी बंद पडल्या आणि 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 88 खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले. तेव्हापासून त्या खंदकांत तळी आणि काठांवर खनिजमातीचे डंप. ट्रकवाले घरी बसले, बार्जवाले घरी बसले, आणि वर्षानुवर्षे प्रत्येक भाषणात एकच आशा : खाणी सुरू होणार. डंपांवर आणि खंदकांवर वीज पिकवून, त्याच ट्रकवाल्यांच्या पोरांना पॅनेल बसवण्याचे काम शिकवू, असे कोणी म्हटले नाही असे नाही. म्हटले, आणि सेमिनारच्या जेवणाबरोबर ते पचलेही. खाणीत पैसा दिसतो. पॅनेलमधून निवडणुकीचा खर्च निघत नाही.

केंद्राच्या राष्ट्रीय सौरऊर्जा संस्थेने गोव्याची सौरक्षमता 880 मेगावॉट धरलेली आहे. 2024 साली प्रत्यक्षात आपण शंभराच्याही खाली होतो. जानेवारी 2021 मध्ये ‘ईईएसएल’ या केंद्राच्या ऊर्जाकंपनीच्या उपकंपनीबरोबर मोठ्या थाटात करार झाला : सरकारी जमिनीवर शंभर मेगावॉटचे विकेंद्रित सौर प्रकल्प, शेतीपंपांसाठी, देशातला असा पहिलाच उपक्रम वगैरे. पुढे जुलै 2023 मध्ये जगभरचे ऊर्जामंत्री गोव्यात जमले, फेब्रुवारी 2024 मध्ये बेतुलला ‘इंडिया एनर्जी वीक’ भरला, आणि 2050 पर्यंत शंभर टक्के वीज अपारंपरिक असे लक्ष्य डिचोली तालुक्यातल्याच साखळीचे आमदार असलेल्या मुख्यमंत्र्यांनी जाहीर केले. 2050 हे साल राजकारण्यांना फार आवडते. तेव्हा जाब विचारायला लोक असतील, द्यायला हे नसतील.

आता छपराकडे वळू. पैसे जमले असे धरा, बँकेने कर्ज दिले असे धरा, तरी छप्पर कोणाचे? पेडणे आणि डिचोली म्हणजे नव्या काबिजादी. डिचोली पोर्तुगिजांच्या हाती लागली 1780 च्या दशकाच्या सुरुवातीला, पेडणे त्याच दशकाच्या शेवटी सावंतवाडीकरांकडून. जमीनदार, देवस्थान, आल्वारा, कोमुनिदाद, आणि त्यांच्या जमिनीवर पिढ्यान्पिढ्या राहणारे मुंडकार. घर मुंडकाराने चिऱ्यावर चिरा रचून बांधले. एक-चौदाच्या उताऱ्यावर नाव भाटकाराचे. मुंडकार कायदा 1975 चा आहे. त्याखालचे दावे अजून मामलेदाराच्या टेबलावर वयात येत आहेत. ज्यांचे स्वतःचे आहे त्यांचेही सुख बघा. घर आजोबाच्या नावावर, आजोबा केव्हाच वारले, सात वारस, त्यांतले दोन लिस्बनला आणि एक मुंबईला, वारसा-वाटणीची इन्व्हेंतारी कोणी केलेली नाही. विजेचा मीटर त्याच आजोबाच्या नावावर, आणि तो दर महिन्याला इमानेइतबारे बिल भरतो आहे! योजनेचा अर्ज मात्र ज्याच्या नावावर वीजजोडणी आहे त्याने करायचा. म्हणजे मीटर नावावर करा, त्याआधी वारसांची ना-हरकत आणा, त्याआधी भावांमधले आंब्याच्या झाडावरून झालेले भांडण मिटवा. या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला तुम्ही काय सांगता? ‘सूर्यापासून प्रदूषण होत नाही.’

छपराचेही एक सांगायला हवे, कारण हे बॅनरवर कधीच नसते. जुनी घरे मंगलोरी कौलांची. कौलांवर पॅनेल बसवायचे तर लोखंडी सांगाडा खालच्या वाशांतून न्यावा लागतो, वासे वाळवीने खाल्लेले असतात, आणि एक कौल सरकले की जूनमध्ये देवघरात धार लागते. वर माड, नारळ पडायला मुहूर्त बघत नाही. सत्तरी-डिचोलीच्या बाजूला केलडी, म्हणजे माकडे, कौले उपसून टाकतात, ती काचेच्या फळीवर नाचणार नाहीत याची हमी कोण देतो? मांद्रे-केरीच्या किनाऱ्यावर खारे वारे, साधे लोखंड तीन पावसांत गंजते. खाणीच्या रस्त्याकडेच्या घरावर लाल धूळ बसते, आणि आठवड्याला पुसले नाही तर पॅनेल अर्ध्या मनाने काम करते. याला सगळ्याला उत्तरे आहेत. जस्ताचा जाड मुलामा, स्लॅबवर घातलेल्या पत्र्यांचा आधार, खळ्यातला खांब. गोव्यात स्लॅब गळतो म्हणून वर पत्रे घालायची पद्धत घरोघर आहे, आणि त्या पत्र्यांइतकी सोलरला सोयीची जागा नाही. पण हे बघायला माणूस घरी यावा लागतो. स्लाइड येऊन चालत नाही.

आणि सगळ्यांत मोठी लबाडी लपवालपवीची. गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या वाड्यावर अशीच एक सभा झाली. शेवटी ‘काही शंका?’ म्हणून विचारले, तसा मागच्या खुर्चीवरच्या एका म्हातारीने हात वर केला. “पुता, लायट गेल्यार हें चलतलें मरे?” वक्ता ग्रीड, सिंक्रोनायझेशन, सेफ्टी असे काहीबाही बोलू लागला. म्हातारीने पुरे ऐकून घेतले आणि म्हणाली, “म्हणजे चलचें ना.” सभा तिथे संपली. नंतर आभार मानले ते उगाच.

म्हातारीचे बरोबर होते. अनुदानात मिळणारी साधी ऑन-ग्रीड यंत्रणा वीज गेली की बंद पडते. पडलीच पाहिजे, नाहीतर खांबावर चढलेल्या लाईनमनला तुमच्या छपरावरची वीज मारून टाकेल. वीज नसताना दिवे हवेत तर बॅटरी हवी, वेगळा इन्व्हर्टर हवा, आणि बॅटरीला अनुदान नाही. पेडण्याच्या आतल्या गावांत, इब्रामपूर-हणखणेच्या बाजूला, पहिल्या पावसाचे चार थेंब पडले की वीज जाते. तिथल्या माणसाला बिल कमी करण्याची घाई नाही, ते आधीच कमी आहे. त्याला रात्री पंखा फिरायला हवा आहे. जी गोष्ट त्याला हवी तिला पैसे नाहीत, आणि जिची त्याला निकड नाही ती आग्रहाने गळ्यात घालता. वर तो घेत नाही म्हणून त्याला अडाणी ठरवता!

याच पेडण्यात मोपाचा सडा आहे. मार्च 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिथल्या विमानतळाची पर्यावरण मंजुरी स्थगित केली, जानेवारी 2020 मध्ये ती पुन्हा मिळाली, हजारो झाडे गेली, आणि 11 डिसेंबर 2022 रोजी पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झाले. तिथे पाच मेगावॉटचा सौर प्रकल्प आहे. उत्तम आहे, चालतोही. विमानतळाच्या बाबतीत जागृतीची सभा घ्यावी लागली नाही. भांडवल आले, जमीन आली, इंजिनिअर आले, प्रकल्प उभा राहिला. सड्याखालच्या वारखंड-नागझरच्या माणसाला मात्र आधी जागे व्हायचे आहे. आणि एक भीती मी आताच बोलून ठेवतो. छपरे रिकामी राहिली की उद्या कोणीतरी नकाशा घेऊन येईल आणि म्हणेल, लोक सोलर घेत नाहीत, तेव्हा उरलेला सडा मोठ्या कंपनीला द्या. सडा पडीक नसतो. गुरे तिथे चरतात, पावसाचे पाणी तिथे मुरते आणि खालच्या विहिरींना येते. आधी पॅनेल डंपांवर घाला, खंदकांवर घाला, तिळारीच्या कालव्यांवर घाला. गुजरातने मेहसाणा जिल्ह्यात चंद्रासणच्या कालव्यावर 2012 सालीच ते करून दाखवले आहे.

पणजी-मडगावच्या पर्यावरणप्रेमी मित्रांनाही दोन शब्द. मोलेच्या जंगलातून तमनार प्रकल्पाची चारशे केव्हीची वाहिनी न्यायला तुम्ही विरोध केलात, रेल्वेच्या दुपदरीकरणाविरुद्ध नोव्हेंबर 2020 मध्ये चांदरच्या रुळांवर रात्र जागवलीत. मी तुमच्या बाजूचा होतो, आहे. पण मोले वाचवा म्हणणाऱ्या किती बंगल्यांच्या छपरांवर पॅनेल आहेत? तुमचा हिशेब तर चार-पाच वर्षांत फिटतो. तुम्हाला वारसांची रांग नाही, वाळवीचे वासे नाहीत. जंगलातून तार नको, आणि घरात पाच एसी हवेत, अशी मागणी करताना वीज कोणत्या मार्गाने यावी हे एकदा सांगून टाका.

राहिले वीज खाते. गोव्यात ते कंपनी नाही, सरकारचे खाते आहे. जास्त वीज जाळणारा ग्राहक छपरावर गेला की त्याचे सर्वांत किफायतशीर गिऱ्हाईक जाते, आणि त्याच गिऱ्हाइकाला नेट मीटर बसवून द्यायचे कामही त्याच्याकडेच. दुकानदाराने आपल्याच गिऱ्हाइकाला दुसरे दुकान लावून द्यायचे, अशी ही रचना. तिच्यात उत्साह ओसंडून वाहील ही अपेक्षाच चुकीची. केंद्राने फेब्रुवारी 2024 मध्ये नियम बदलले : दहा किलोवॉटपर्यंत तांत्रिक पाहणीची अट काढली, आणि यंत्रणा उभी राहिल्यावर जोडणी करून द्यायची मुदत तीस दिवसांवरून पंधरावर आणली. मग प्रत्येक उपविभागाच्या दारावर एक फळा लावा. अर्ज किती आले, मीटर किती बसले, पंधरा दिवसांच्या वर किती रखडले, आणि कोणाच्या टेबलावर. दर सोमवारी खडूने लिहा. खडूला निविदा लागत नाही.

आणि पुढच्या सभेला पणजीहून वक्ता पाठवू नका. दोन माणसे पाठवा : छपरावर चढून वासे ठोकून बघणारा एक सुतार, आणि आजोबाच्या नावावरचा मीटर नातवाच्या नावावर कसा होईल ते तिथेच कागदावर लिहून देणारा तलाठी. बॅनरवर फोटो कोणाचा लावायचा, हा प्रश्न तुम्हाला पडणारच. तलाठ्याचा लावा.